ओठाची डावी बाजू

त्या दंतरुग्णालयात फिल्लमकाकांबद्दल आजही तीन गोष्टी सांगितल्या जातात. त्यांना अंधारात दिसत असे, ही पहिली. पुढे त्यांची नजर गेली म्हणून त्यांना डार्करूममधून हलवण्यात आले, ही दुसरी. आणि ते प्रत्येक फिल्म ओठाला लावून पाहत, ही तिसरी. जुन्या फिल्म निकालात काढण्यापूर्वी त्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा या तिन्ही गोष्टी मी पहिल्याच आठवड्यात ऐकल्या. पहिली अर्थातच खोटी. दुसरीही खोटी: निवृत्तीच्या वर्षी केलेल्या नेत्रतपासणीचा कागद त्यांच्या सेवापुस्तकात टाचलेला आहे, आणि त्यांना केवळ वाचायचा चष्मा होता. तिसरी खरी आहे, आणि उरलेल्या दोन अफवा तिच्यातूनच निघाल्या असाव्यात.

ते एकतीस वर्षे नोकरीत होते आणि त्यांपैकी पंचवीस वर्षे डार्करूममध्ये. खोली तळमजल्यावर जिन्याखाली होती: आठ फूट लांब, सहा फूट रुंद, दोन दारे, दारांच्या मध्ये काळा पडदा. आत तीन टाक्या, एक नळ, फिल्म वाळत घालायची तार आणि भिंतीवर लाल दिवा. फिल्म धुऊन देणे हे त्यांचे मुख्य काम, आणि लागेल तेव्हा प्रत काढणे हे दुसरे. रुग्ण दुसऱ्या गावी उपचार घेणार असेल तर मूळ फिल्म रुग्णालयातच राही आणि प्रत त्याच्या हाती दिली जाई.

प्रतीच्या फिल्मला चित्र उमटवणारा लेप एकाच बाजूला असतो. ती बाजू मूळ फिल्मला भिडवून ठेवावी लागते. लाल दिव्यात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात. नवे लोक कोपऱ्यातली खाच चाचपत आणि निम्म्या वेळा चुकत. काका फिल्मचा कोपरा खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला क्षणभर टेकवत. लेपाची बाजू असेल तर ती ओठाच्या ओलाव्याला किंचित चिकटे, नुसती प्लास्टिकची असेल तर गुळगुळीत सुटून येई. चिकटली तर खाली, सुटली तर वर. उजव्या हातात मूळ फिल्म, डाव्या हातात कोरी. म्हणून डावा हात, डावा ओठ. हे सगळे एका श्वासाच्या आत होई.

फिल्म उलटी बसली तर दोन गोष्टी होतात. प्रत थोडी पुसट येते. आणि वाळल्यावर, ठरल्याप्रमाणे लेपाची बाजू वर धरून कोपऱ्यांत ‘उजवी’ आणि ‘डावी’ असे लिहिले, की उजव्याचे डावे होते. पंचवीस वर्षांत प्रतींच्या रजिस्टरात अकरा हजारांहून अधिक नोंदी आहेत. ‘प्रत उलटी’ हा शेरा त्यांत एकदाच आहे. तो काकांच्याच अक्षरात आहे.

त्यांचा स्वतःचा केसपेपर तीन पानांचा आहे. पहिली नोंद एकोणपन्नासाव्या वर्षीची: खालची डावी अक्कलदाढ अर्धवट वर, शेजारच्या दाढेच्या अंगावर कललेली, हिरडीखाली सूज, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. फिल्म अर्थात त्यांनी स्वतःच धुतली. शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत, आता निवृत्त आहेत आणि त्या दिवसाचे संभाषण त्यांना नेमके आठवते. फिल्म हातात घेऊन काका त्यांच्या खोलीत आले ते बसलेच नाहीत.

“बसा की काका. उभ्याने दाढ काढत नाही मी.”

“काढायलाच हवी का, एवढं सांगा बाई.”

बाई सांगतात, की हा प्रश्न त्यांना दिवसातून दहा वेळा ऐकावा लागे आणि उत्तर नेहमी सारखे नसे. अक्कलदाढ आहे एवढ्यासाठी ती कोणी काढत नाही. सरळ उगवली आहे, ब्रश पोचतो, शेजारच्या दाढेला त्रास नाही, तर ती जन्मभर राहिली तरी बिघडत नाही. पूर्ण हाडात गाडलेली आणि गप्प असेल तर तिच्यावर नजर ठेवली की पुरते. पण अर्धी आत आणि अर्धी बाहेर असलेल्या दाढेवर हिरडीची झडप राहते, झडपेखाली अन्न अडकते आणि सूज पुन्हा पुन्हा येते. शेजारची दाढ किडू लागते. क्वचित दाढेभोवती पाण्याची गाठ धरते. असे काही झाले की थांबण्यात शहाणपण नसते.

“ही पहिलीच सूज ना? मग औषधाने उतरवू,” बाई म्हणाल्या. “पण परत आली तर काढायची. तुमची आडवी झोपलीय आणि शेजारणीच्या डोक्यावर पाय ठेवलाय तिने.”

काकांनी फिल्म लाइटबॉक्सच्या उजळ काचेवर धरली आणि करंगळीने मुळाकडे दाखवले. तिथे दोन फिकट समांतर रेषा मुळाला ओलांडताना अंधुक होत होत्या. त्या रेषांमधून खालच्या ओठाची संवेदना वाहणारी नस जाते. असा अंधुक पट्टा ज्या फिल्मवर दिसे ती काका वाळायच्या आधीच बाईंच्या टेबलावर वेगळी आणून ठेवत. शिकाऊ डॉक्टरांच्या आधी तो त्यांना दिसे.

“नस मुळाला टेकलीय, बाई.”

“टेकलेली दिसतेय. दुखावेलच असं नाही. दुखावली तरी बहुतेकांची काही आठवड्यांत, महिन्यांत परत येते.”

“आणि बहुतेकांत मी नसलो तर?”

बाईंनी त्यांना पर्यायही सांगितला होता: मुळे तशीच ठेवून दाढेचा वरचा भाग तेवढा कापून काढायचा, म्हणजे नसेला हात लागत नाही. काका “विचार करतो” म्हणाले आणि त्यांनी चार वर्षे विचार केला.

या चार वर्षांत सूज सहा वेळा आली. केसपेपरावर तीनच नोंदी आहेत. बाकीच्या तीन वेळा ते मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करून कामावर येत राहिले, हे त्यांच्या मुलीने सांगितले. रुग्णालयात थट्टा होत असे. दातांचे साचे करणारा त्यांचा सहकारी म्हणे, “पन्नाशीला अक्कल यायला लागली, तर हा माणूस तिला अर्ध्यावरच अडवून बसलाय.” काका हसत, पण अर्ध्याच तोंडाने. घरी काकू चिडत. “अहो, जगाच्या दाढांचे फोटो धुता आणि स्वतःची सडवताय! माणसानं भित्रं असावं, पण एवढं?”

“भीती दुखण्याची नाहीये गं.”

“मग कसली?”

ओठ हे त्यांचे कामाचे हत्यार आहे, हे त्यांनी उभ्या आयुष्यात घरी सांगितले नव्हते. सांगितले असते तर कोणी हसले असते, असे त्यांना वाटत असावे.

त्रेपन्नाव्या वर्षी सूज गालावरून गळ्याकडे उतरली. गिळणे अवघड झाले, ताप चढला. आता विचार करण्यासारखे काही उरले नव्हते. सूज आटोक्यात आल्यावर बाईंनी स्वतः दाढ काढली. कीड मुळांपर्यंत गेली होती, त्यामुळे मुळे ठेवून देण्याचा मार्ग बंद झाला होता. शेजारची दाढही गेली. पन्नाशीनंतर जबड्याचे हाड चिवट होते, दाढ तुकडे करून काढावी लागली. केसपेपराच्या तिसऱ्या पानावर बाईंच्या अक्षरात आहे: ‘नस दिसली. अखंड. ताणलेली.’ आणि आठवड्यानंतर: ‘खालचा ओठ, डावा अर्धा, बधिर.’ महिन्यानंतर: ‘तसाच.’ तीन महिन्यांनंतर: ‘तसाच.’ त्यानंतर नोंद नाही.

हा वृत्तान्त प्रथम ऐकताना साहजिक पडणारी शंका मलाही पडली: ओठाचा उजवा अर्धा तर शाबूत होता, मग फिल्म उजवीकडे का लावली नाही? उत्तर असे, की लावली. कामावर परतल्यावर त्यांनी हात बदलले. मूळ फिल्म डाव्या हातात, कोरी उजव्या हातात. पण घाई झाली की हात आपसूक जुन्या वाटेने डावीकडे जाई. खरी अडचण याहून बारीक होती, आणि ती त्यांनी बाईंना एका वाक्यात सांगितली होती:

“बाई, बधिर ओठ ‘मला कळत नाही’ असं म्हणत नाही हो. तो ‘गुळगुळीत’ म्हणतो.”

चिकटल्याची जाणीव म्हणजे लेपाची बाजू. जाणीव नाही म्हणजे प्लास्टिकची. डाव्या ओठाला आता कधीच काही जाणवणार नव्हते, म्हणून कोणतीही बाजू लावली तरी त्याचे उत्तर एकच येणार होते, आणि ते उत्तर पंचवीस वर्षांच्या खात्रीने येणार होते.

त्यांनी उपाय काढला. रोज सकाळी ते खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली चिकटपट्टीचा एक तुकडा लावत, वरची कड ओठावर येईल असा. ओठाला तो कळत नसे; पण हात डावीकडे गेला की बोटांना पट्टी लागे आणि हात थांबे. पाच महिने हे चालले. त्या पाच महिन्यांच्या सर्व प्रती मी मूळ फिल्मशी ताडून पाहिल्या, रुग्णांनी उपचारानंतर परत आणून दिलेल्या जेवढ्या उपलब्ध आहेत तेवढ्या. एकही उलटी नाही.

त्यांची मुलगी बावीस वर्षांची होती. तिला त्याच रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी लागली. रुजू व्हायची तारीख एकोणीस. त्या सकाळी आरशासमोर झालेले बोलणे तिने मला शब्दशः सांगितले.

“बाबा, आज ती पट्टी नका ना लावू.”

“का गं?”

“सगळे विचारतात. दाढी करताना रोज त्याच जागी कापतं का, म्हणून. आज मी पहिल्यांदा जाणार, लोक म्हणणार, ही त्या पट्टीवाल्यांची मुलगी.”

“फिल्लमवाल्यांची म्हणतील.”

“बाबा, एकच दिवस. उद्यापासून हव्या तर दोन लावा.”

काकू आतून म्हणाल्या, “अगं, त्यांचं ते कामाचं असतं काहीतरी.” पण काय कामाचे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. काकांनी पट्टी काढली आणि आरशाच्या चौकटीला चिकटवून ठेवली. मग मुलीला विचारले, “आता दिसतो का फिल्लमवाला?” ती म्हणाली, “आता एकदम डॉक्टर.” दोघे एकत्र निघाले. 

त्याच दिवशी दुपारी एक बस कंडक्टर तरुणी खिडकीशी आली. तिची दुसऱ्या गावी बदली झाली होती. तिच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा हिरडीखाली होत्या, वरून कोणतीच दिसत नव्हती. डावी सरळ आणि गप्प होती. उजवी आडवी, शेजारच्या दाढेत घुसलेली, आणि तीच काढायची होती. दोन्ही बाजूंच्या छोट्या फिल्म शेजारी ठेवून काढलेली एकच प्रत पाकिटात होती. पाकीट काकांच्या मुलीने दिले. तिच्या हाताने गेलेले ते पहिले पाकीट.

सहा आठवड्यांनी कंडक्टर परत आली. गाल अजून थोडा सुजलेला, पण आवाज बसस्टँडवरचाच. “दुखतंय तेच दुखतंय हो, आणि गेली ती दुसरीच!”

मोठ्या बाईंनी मूळ फिल्म आणि प्रत लाइटबॉक्सवर शेजारी लावली. त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा होत्या. प्रत थोडी पुसटही होती. पण ती काढली त्या आठवड्यात टाकीतले द्रावण जुने झाले होते आणि सगळ्याच प्रती पुसट होत्या. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी प्रतीवरचे ‘डावी’ वाचून डावी काढली होती. दुखते कुठे, हे तिला एकदा विचारायला हवे होते, असे बाईंचे मत आहे. मला ते पटते. काकांना ते पटले नाही.

“काका, हे आपल्यात राहू दे,” बाई म्हणाल्या होत्या. “मी उजवी काढून देते, पैसे घेत नाही. तिचं काही कायमचं नुकसान नाही झालेलं.”

“झालंय, बाई. एक दाढ गेलीय.”

ते बाहेर आले. कंडक्टर बाकावर बसली होती. साचेवाला सहकारी दारात उभा होता आणि त्याने हे बोलणे ऐकले.

“तुमची प्रत मी काढली होती,” काका म्हणाले. “ती उलटी निघाली. चूक डॉक्टरांची नाही. माझी आहे.”

“म्हणजे जी गेली ती चांगली होती?”

“चांगली होती. सरळ होती.”

“परत लावता येते का?”

“नाही.”

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. “काका, मी रोज दोघा-चौघांना चुकीचं तिकीट फाडून देते. ते उतरताना भांडतात तरी माझ्याशी. तुम्ही आपणहून सांगायला आलात, आता मी भांडू कशी?”

“भांडा,” काका म्हणाले. “बरं वाटेल मला.”

ती भांडली नाही. पर्समधून कापसात गुंडाळलेली दाढ काढून तिने त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “तुम्हीच ठेवा. मला बघवत नाही.” काकांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. मुळे दोन्ही सरळ, टोके निमुळती, कुठे वाक नाही. सहकाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे तेव्हा त्यांचा ओठ डावीकडून ओला झाला होता, ते त्यांना कळत नव्हते.

त्याच दिवशी त्यांनी रजिस्टरात शेरा लिहिला: ‘प्रत उलटी. चूक माझी.’ आणि बदलीचा अर्ज दिला. अर्जात कारण नाही. पुढची सहा वर्षे, निवृत्तीपर्यंत, ते उपकरणे निर्जंतुक करण्याच्या खोलीत होते. तिथे दिवे पांढरे होते. डार्करूममध्ये ते पुन्हा गेले नाहीत. आतल्या कोणाला चहाला बोलवायचे असले तरी पडद्याच्या अलीकडून हाक मारत.

आता जे सांगायचे आहे ते त्यांच्या मुलीने मला आपणहून सांगितले, आणि लिहा म्हणाली.

कंडक्टर परत आली त्या संध्याकाळी मुलीला सगळे कळले, आणि पट्टी कशासाठी होती, हेही पहिल्यांदा तेव्हाच कळले. घरी आल्यावर तिने विचारले, “बाबा, ती प्रत कधी काढली होती?”

“सतरा तारखेला,” ते लगेच म्हणाले. “तू रुजू व्हायच्या दोन दिवस आधी. पट्टी होती तेव्हा माझ्या ओठावर. तरी चुकलो. वय झालं.”

“नक्की सतरा?”

“रजिस्टर बघ हवं तर. तू फक्त पाकीट दिलंस, बाळा. पाकीट तयारच होतं.”

तिने विश्वास ठेवला. ठेवायचा होता, म्हणून ठेवला. पण एक गोष्ट तिला टोचत राहिली: ज्या माणसाने कुठलीही तारीख कधी स्मरणातून सांगितली नाही, जो लग्नाचे वर्ष विचारले तरी “बघून सांगतो” म्हणायचा, त्याने ही तारीख न बघता सांगितली होती.

तीन वर्षांनी तिची रेकॉर्ड विभागात बदली झाली, आणि प्रतींचे रजिस्टर तिच्या कपाटात आले. आज ती त्या विभागाची प्रमुख आहे. तिने ते पान माझ्यासमोर उघडले. क्रमांक चारशे दहा, तारीख अठरा. चारशे अकरा, अठरा. चारशे बारा, सतरा. शेजारी तो शेरा. चारशे तेरा, एकोणीस.

“क्रमांक एकापुढे एक पडतात,” ती म्हणाली. “अठरानंतर सतरा येत नाही. हे बाबांनीच मला शिकवलं होतं.”

मग तिने रजिस्टरचे ते एक पान लाइटबॉक्सवर पसरले आणि दिवा लावला. पानात सगळीकडे सारखाच पिवळसर उजेड होता. फक्त तारखेच्या दुसऱ्या अंकाखाली, नखाएवढ्या जागेत, कागद पातळ होऊन उजेड जास्त येत होता. फिल्म कापायच्या पात्याने तिथला एक अंक खरवडला होता, आणि त्यावर सात लिहिला होता. पंचवीस वर्षांच्या नोंदींत मला सापडलेले हे एकमेव खरवडणे.

तिने दिवा बंद केला.

“तुम्ही त्यांना विचारलं नाही?” मी म्हणालो.

“काय विचारणार? विचारलं असतं तर त्यांची तीही मेहनत वाया गेली असती.”

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी काका आजारी पडले ते उठले नाहीत. शेवटच्या आठवड्यात ती रजा घेऊन त्यांच्याजवळ होती. चमच्याने पाणी पाजताना ते डाव्या कोपऱ्यातून ओघळे, आणि ती पुसे. एका दुपारी त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिले आणि काहीही विषय नसताना म्हणाले, “सतराचीच होती हं ती प्रत.”

“हो बाबा,” ती म्हणाली. “मी रजिस्टर पाहिलंय.”

“पाहिलंस ना?”

“पाहिलंय. सतराच आहे.”

त्यांनी मान हलवली. तिने पदराने ओठ पुसला, डावीकडून, आणि ते त्यांना कळले नाही.